नाव दुरुस्त होतं, कमाई होत नाही

बाहेरगावी कमवायला गेलेल्या मजुरांच्या पीएफच्या नोंदीत चुका निघाल्या की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक सूर म्हणतो, ही माणसं कागद सांभाळत नाहीत, मोबाइल नंबर सारखा बदलतात, आधारवर एक नाव आणि टीसीवर दुसरंच. मग सरकारने काय करायचं? गावोगावी शिबिरं घ्या, केवायसी करून द्या, मिटला प्रश्न. दुसरा सूर म्हणतो, पीएफ म्हणजे गरिबाच्या पगारातून कापलेला आणि कधीच हाती न लागणारा पैसा. त्यापेक्षा रोख द्या आणि मोकळे व्हा. दोघेही तावातावाने बोलतात आणि दोघेही मुद्दा सोडून बोलतात. माझं म्हणणं असं आहे की मजुराच्या कमाईची सरकारी नोंद चुकली, तर ती चूक सिद्ध करण्याचा भार मजुरावर असता कामा नये. ज्याने नोंद केली आणि ज्याने ती जपली, त्यांनी तो उचलायला हवा. ज्या ठेकेदाराने चुकीचा आकडा भरला, त्याच्याच संमतीशिवाय तो आकडा बदलणार नसेल, तर त्या व्यवस्थेला दुरुस्तीची सोय म्हणणं ही मजुराची फसवणूक आहे.

गोंदिया जिल्ह्याच्या देवरी-सालेकसा भागातली कितीतरी तरुण पोरं धानाची कापणी-मळणी उरकली की चाकण-रांजणगावकडे निघतात, कुणी बुटीबोरीला, कुणी हैदराबादला. रोवणीच्या दिवसांत घरी येतात, दिवाळीनंतर पुन्हा जातात. तेव्हा कंपनी तीच असते, गेट तेच, मशीनही तीच, पण ठेकेदार बदललेला असतो. नवा ठेकेदार नवा मेंबर आयडी, म्हणजे त्या नोकरीपुरता पीएफ खाते क्रमांक, काढतो आणि जुना यूएएन, म्हणजे सगळ्या नोकऱ्यांना जोडणारा कायमचा पीएफ नंबर, विचारायची तसदी घेतली नाही तर यूएएनही नवाच काढून टाकतो. नियमाप्रमाणे एका माणसाला आयुष्यभर एकच बारा आकडी यूएएन हवा. प्रत्यक्षात दोन-तीन नंबर बाळगणारी माणसं आमच्याकडे सहज भेटतात, आणि त्यातला एखादा नंबर कुठल्या मोबाइलला जोडला होता हे त्यांनाही आठवत नाही.

अशाच एका पोराचं पासबुक मी समोर ठेवून वाचलं. महिना, वेतन, कामगाराचा वाटा, मालकाचा वाटा, पेन्शनचा वाटा असे रकाने. वेतन ८,००० रुपये. कामगाराचे बारा टक्के म्हणजे ९६०. मालकाच्या बारा टक्क्यांपैकी ६६६ पेन्शनकडे आणि उरलेले २९४ पीएफ खात्यात. हिशोब पैशापैशाने जुळतो. पण त्याचा ठरलेला पगार १४,००० होता आणि बँकेच्या पासबुकात त्याच महिन्यांत तेरा हजारांच्या आसपास रक्कम जमा आहे. मधले दोन महिने पीएफच्या पासबुकात मुळी आलेच नाहीत. एका महिन्यात वेतन ३,६९२ लिहिलं आहे, म्हणजे सव्वीसपैकी बाराच दिवस हजेरी धरली. त्या महिन्यात घरी आला होतास का, असं विचारलं तर म्हणाला, ‘नाही जी, डबल ड्युट्या मारल्या मी. ठेकेदारानं का लिवलन, मले का मालूम!’

या आकड्यांचा परिणाम म्हातारपणी दिसतो. कर्मचारी पेन्शन योजनेत पेन्शनपात्र वेतनाला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि सत्तरने भागायचं, असं सूत्र आहे. वेतन धरतात ते शेवटच्या साठ महिन्यांच्या सरासरीचं. दहा वर्षांची नोकरी आणि १४,००० वेतन असेल तर महिन्याला २,००० रुपये पेन्शन बसते. तीच नोकरी ८,००० वर नोंदली गेली तर १,१४३. मरेपर्यंत दर महिन्याला साडेआठशे रुपये कमी. आणि मधले महिने गाळले गेल्यामुळे, किंवा तीन नंबरांवरची नोकरी एकत्र न जोडल्यामुळे, दहा वर्षांची अटच पूर्ण झाली नाही तर पेन्शनचा हक्कच नाही. एवढा परिणाम असलेली नोंद कोण भरतो? ठेकेदाराच्या ऑफिसातला, दर महिन्याच्या १५ तारखेच्या घाईत चलन काढणारा एक कारकून. ती मजुराला दाखवून त्याची सही घेतली जाते का? नाही.

आता विरुद्ध बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो. गेल्या काही वर्षांत बरंच सुधारलं आहे. पूर्वी नोकरी सोडल्याची तारीख मालकाने टाकली नाही तर खातं लटकून राहायचं. २०२० पासून ती तारीख कामगाराला स्वतः टाकता येते. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने संयुक्त घोषणापत्राची, म्हणजे कामगार आणि मालकाने मिळून करायच्या दुरुस्ती-अर्जाची, पद्धत आखून दिली. जानेवारी २०२५ पासून, आधारशी पडताळलेला यूएएन असेल तर नाव, जन्मतारीख, आई-वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख यांतल्या बऱ्याच गोष्टी कागद न जोडता ऑनलाइन दुरुस्त होतात. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात ‘निधी आपके निकट’ भरतं, तिथे अधिकारी समोर बसून ऐकतात. ज्यांनी उईके किंवा मेश्राम या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगपायी वर्षं घालवलेली माणसं पाहिली आहेत, त्यांना या बदलांची किंमत कळते. जून-जुलैची पहिली तारीख गुरुजींनी अंदाजाने जन्मतारीख म्हणून टाकलेली पिढी आमच्याकडे अजून कामावर आहे. तिच्यासाठी हा मोठाच दिलासा आहे.

पण २०२३ च्या परिपत्रकात दुरुस्त करण्याजोग्या म्हणून ज्या अकरा बाबी दिल्या आहेत, त्या एकदा वाचून पाहा. नाव, लिंग, जन्मतारीख, वडिलांचं नाव, नातं, वैवाहिक स्थिती, रुजू तारीख, सोडण्याचं कारण, सोडण्याची तारीख, राष्ट्रीयत्व, आधार क्रमांक. यात वेतन नाही. कामाचे दिवस नाहीत. गाळलेला महिना नाही. सगळा भर माणूस तोच आहे ना, हे पटवण्यावर. त्याने कमावलं किती, यावर एक ओळ नाही. म्हणून शिबिरात केवायसी पूर्ण करून, टाळ्या घेऊन घरी आलेल्या मजुराचं नाव अचूक होतं आणि त्या अचूक नावासमोर ८,००० चा चुकीचा आकडा तसाच बसलेला असतो. शिबिरवाद्यांचा सूर नेमका इथे बेसूर होतो. ते सोपी अर्धी चूक दुरुस्त करतात आणि अवघड अर्धी मजुराच्या अज्ञानाच्या नावावर मांडून मोकळे होतात.

मजुरांचाही दोष असतो, हा आक्षेप मी टाळणार नाही. भावाच्या आधारवर कामाला लागलेली पोरं होती. ‘पीएफ कापू नका, हातात द्या’ असं स्वतःच सांगणारे आजही आहेत, कारण घरी लग्न असतं, कुणाचं ऑपरेशन असतं, सोसायटीचं कर्ज असतं. पण कायदा या बाबतीत मजुराची मर्जी विचारतच नाही. १९५२ च्या पीएफ कायद्याखाली, आणि आता त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेखालीही, वीस किंवा अधिक माणसं कामाला असली आणि वेतन १५,००० च्या मर्यादेत असलं की वर्गणी भरणं मालकाला बंधनकारक आहे. मजूर ‘नको’ म्हणाला म्हणून मालक सुटत नाही. मग नोंद चुकीची झाली की मात्र मजुराची मर्जी, मजुराचं अज्ञान, मजुराचा निष्काळजीपणा ही कारणं पुढे कशी येतात? शिवाय सप्टेंबर २०२१ पासून आधार जोडल्याशिवाय वर्गणीच भरता येत नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या कार्डावर काम करण्याचा प्रकार आता आटला आहे. वेतन कमी दाखवण्याचा प्रकार आटलेला नाही. कधी पगार भत्त्यांमध्ये चिरून मूळ वेतन छोटं केलं जातं. सरसकट सगळ्यांना दिले जाणारे भत्ते वर्गणीच्या वेतनात धरावे लागतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. चाकणच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या पोराला तो निकाल ठाऊक असावा अशी अपेक्षा आपण ठेवायची, की चलन स्वीकारणाऱ्या कार्यालयाला?

सर्वात वजनदार आक्षेप लबाडीचा आहे. मजुराच्या शब्दावर नोंदी बदलू लागल्या तर दलालांचं फावेल, बोगस दावे येतील, आणि नुकसान इतर कामगारांच्याच पैशाचं होईल. ही भीती पोकळ नाही. २०२१ मध्ये मुंबईतल्या कांदिवलीच्या पीएफ कार्यालयात स्थलांतरित मजुरांची बँक खाती वापरून बनावट दाव्यांवर कोट्यवधी रुपये काढल्याच्या आरोपावरून सीबीआयने गुन्हा नोंदवला. पण त्या प्रकरणात आरोप होता तो कार्यालयातल्याच कर्मचाऱ्यांवर. आतल्या माणसाच्या संगनमताविरुद्धचा बंदोबस्त बाहेरच्या मजुराकडून जास्त कागद मागून होत नाही. दुसरं म्हणजे, पैसे काढणं आणि कमाईची नोंद दुरुस्त करणं यात मूलभूत फरक आहे. वेतनाचा आकडा आठ हजारांवरून चौदा हजार करा असा दावा मान्य झाला, तर फरकाची वर्गणी मालकाकडून वसूल व्हायची असते, बारा टक्के व्याजासह आणि वर दंडासह. दुसऱ्या कामगाराच्या खात्यातून एक रुपयाही जात नाही. मालकाला पूर्ण सुनावणी मिळते. अशा दाव्यात खोटं बोलून मजुराला काय मिळणार? उलट खरा दावा दाबला गेला तर मालकाची वर्गणी कायमची वाचते. लबाडीचा फायदा कुणाला, हे एकदा पाहिलं की संशय कुणावर घ्यायचा हेही ठरतं.

छोट्या ठेकेदाराचं काय, असंही विचारलं जातं. पंचवीस माणसं पुरवणारा, कमी टक्क्यांवर जगणारा माणूस दहा वर्षांचे मस्टर कुठे ठेवणार? अडचण खरी आहे. म्हणूनच पीएफ योजनेच्या तिसाव्या परिच्छेदात ठेकेदारामार्फत लावलेल्या कामगारांच्या वर्गणीची जबाबदारीही मूळ मालकावर, म्हणजे ज्या कंपनीत मजूर राबतो तिच्यावर, टाकली आहे आणि ती रक्कम ठेकेदाराच्या बिलातून कापून घेण्याचा अधिकारही १९५२ च्या कायद्याच्या कलम ८-अ ने त्यालाच दिला. मोठ्या कंपनीच्या गेटवर प्रत्येक माणसाचा पंच होतो, कॅन्टीनचं कुपन फाटतं, सेफ्टी ट्रेनिंगच्या वहीत सही होते. तो बारा दिवस आला की सव्वीस, हे त्या कंपनीला नक्की माहीत असतं. नागपूरच्या एम्प्रेस मिलने १८८६ मध्ये, म्हणजे कायदा येण्याच्या साडेसहा दशकं आधी, कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू केला. तेव्हा हजेरी घेणारा, पगार देणारा आणि पेन्शन देणारा एकच होता. आज या तिघांच्या मध्ये ठेकेदार उभा आहे, आणि तो एका हंगामानंतर गायब होऊ शकतो. मूळ मालकाला चौकशीत पहिल्याच दिवशी उभं करणं हा त्यावरचा कायद्यातच असलेला इलाज आहे. तो वापरला जात नाही एवढंच.

तो का वापरला जात नाही, इथे थोडं थांबतो, कारण सगळी मेख इथेच आहे. १९५२ च्या कायद्याच्या कलम ७-अ खाली पीएफ आयुक्ताला दिवाणी न्यायालयाचे अधिकार होते, आणि नव्या संहितेतही चौकशी अधिकाऱ्याला ते आहेत. तो साक्षीदार बोलावू शकतो, मस्टर मागवू शकतो, कागद हजर करायला लावू शकतो. साडेतीन दशकांपूर्वी भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामांत ठेकेदारांमार्फत काम करणाऱ्या मजुरांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. न्यायालयाने सांगितलं की हे अधिकार वापरून सगळा पुरावा गोळा करणं हे आयुक्ताचं कायदेशीर कर्तव्य आहे. मात्र तो निकाल महामंडळाच्या बाजूने गेला. कारण? आयुक्ताने ठेकेदारांना बोलावलंच नव्हतं, मजूर कोण ते निश्चित केलंच नव्हतं. कार्यालय आपलं काम करत नाही आणि हरतो मजूर. तेव्हापासून कितीतरी प्रकरणांत ‘लाभार्थी कोण ते आधी दाखवा’ हे वाक्य मालकाच्या वकिलाचं हुकमी हत्यार झालं आहे.

हीच अडचण इतर देशांनाही आली. अमेरिकेत १९४६ मध्ये माउंट क्लेमेन्स पॉटरी या कारखान्याच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की कामाच्या नोंदी नीट ठेवणं मालकाचं काम आहे. त्याने त्या ठेवल्या नसतील तर कामगाराने वाजवी अंदाज बांधता येईल एवढा पुरावा दिला की पुरे, त्यापुढे तो खोडून काढायचं ओझं मालकावर. तिथल्या सोशल सिक्युरिटीच्या कमाई-नोंदीत चूक असेल तर दुरुस्तीला साधारण सव्वातीन वर्षांची मुदत आहे, पण मालकाने नोंद पाठवलीच नसेल तर अपवाद आहे. आणि कागदच नसतील तर? कुठे काम केलं, मालकाचं नाव काय, कधी केलं, किती मिळालं, कोणत्या नावाने केलं, एवढं आठवून लिहून द्या, त्यावरून शोध घेऊ, असं ते कार्यालय सांगतं. तिथली व्यवस्थाही निर्दोष नाही. नाव आणि नंबर न जुळल्यामुळे कुणाच्याच खात्यात न गेलेल्या कमाईचा मोठा साठा तिथेही पडून आहे, आणि त्यात परदेशातून आलेल्या कामगारांची कमाई बरीच आहे. तरी सुरुवात कुठून होते ते पाहा. तिथे आठवणीला पुराव्याची पहिली पायरी मानलं आहे. आमच्याकडे आठवण सांगणाऱ्याला ‘पेमेंट स्लिप आण’ म्हणून परत पाठवतात, आणि स्लिप ठेकेदाराने कधी दिलेलीच नसते.

आपल्यालाही हे नवं नाही. सातबाऱ्यावर फेरफार घ्यायचा तर तलाठी नोंद करतो, संबंधितांना नोटीस देतो, चावडीवर लावतो, हरकतीची मुदत जाते आणि मगच नोंद प्रमाणित होते. लेखनाची चूक निघाली तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेचं कलम १५५ आहे. संगणकीकरणात सातबाऱ्यांत चुका झाल्या तेव्हा ‘तुमचं तुम्ही शोधा’ असं शेतकऱ्याला कुणी म्हटलं नाही; महसूल खात्याने गावोगावी चावडी वाचन केलं. दोन आर जमिनीच्या नोंदीसाठी एवढी काळजी घेणारं राज्य दहा वर्षांच्या मजुरीच्या नोंदीसाठी एक नोटीसही काढत नाही. भूमिहीनाची मजुरी हीच त्याची मालमत्ता आहे, हे अजून व्यवस्थेच्या गळी उतरलेलं नाही. मजुरीच्या नोंदीही चावडीवर आणता येतात, हे राजस्थानातल्या कोट किराना गावात डिसेंबर १९९४ मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिल्या जनसुनावणीत दाखवून दिलं. सरकारी कामांचे कागद गावासमोर मोठ्याने वाचले गेले, ज्यांच्या नावावर पैसा निघाला होता तेच समोर उभे राहून बोलू लागले, आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांत त्यातून माहितीच्या अधिकाराचा कायदा उभा राहिला.

पीएफची नोंद मात्र तशीच जाहीर वाचावी असं मी म्हणणार नाही. प्रत्येकाची कमाई गावासमोर आली तर सावकार दारात उभा राहील आणि भाऊबंदकी पेटेल. खासगीपणाचा हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. वाचन नको, पण नोंद ज्याची त्याच्या हातात द्या. वर्षातून एकदा, तो घरी असण्याच्या दिवसांत, मराठीत छापलेला उतारा: कोणत्या महिन्यात कोणत्या मालकाकडे किती दिवस, किती वेतन. ग्रामपंचायतीच्या आपले सरकार केंद्रात तो फुकट मिळावा आणि त्याच कागदाच्या खाली हरकतीची जागा असावी. हरकत आली की नागपूरच्या कार्यालयाने ती पुण्याच्या कार्यालयाकडे पाठवावी, मजुराने नव्हे. देवरीच्या माणसाला नागपूरला जाऊन यायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते, आणि त्याचं खातं जिथे हाताळलं जातं ते कार्यालय तर आणखी सातशे किलोमीटर पुढे आहे. बँकेतली जमा, ईएसआयची म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, कंपनीचा गेट-पंच हे सगळं एका सरकारी पत्राने मागवता येतं. ते मिळेपर्यंत मजुराचं म्हणणं खरं मानावं आणि मालकाने ते खोडून दाखवावं.

१९५२ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ही गरज आणखी तातडीची केली आहे. रक्कम देय झाल्यापासून पाच वर्षांनंतर थकबाकीची चौकशी सुरूच करता येणार नाही, अशी मुदत तिच्यात लिहिली आहे. जुनी भुतं उकरत बसू नये, मालकालाही कधीतरी हिशोब बंद करता यावा, हा त्यामागचा विचार मी समजू शकतो. पण ज्याला उतारा कधी दाखवलाच नाही, त्याच्याविरुद्ध घड्याळ कोणत्या न्यायाने चालू होतं? बहुतेक मजूर पहिल्यांदा पासबुक उघडतात ते पैसे काढायच्या वेळी. तोपर्यंत पाच वर्षं केव्हाच उलटून गेलेली असतात. मुदत ठेवायची तर उतारा मजुराच्या हाती पडल्याच्या तारखेपासून मोजा.

आणि हा मुद्दा फक्त आपल्या पोरांपुरता धरू नका. गोंदिया-भंडाऱ्याच्या राइस मिलमध्ये, विटाभट्ट्यांवर, चंद्रपूरच्या कारखान्यांत छत्तीसगड, मध्य प्रदेश, बिहारमधून आलेली माणसं राबतात. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदाराने अशा प्रत्येकाला फोटो लावलेलं पासबुक द्यावं, त्यात कामाचा काळ, मजुरीचा दर, कपात सगळं लिहावं, आणि तेही मजुराच्या भाषेत, असं स्पष्ट लिहिलं होतं. आता तो कायदा २०२० च्याच दुसऱ्या एका संहितेत, कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि आरोग्य यांविषयीच्या संहितेत, विलीन झाला. त्याच्या चाळीसेक वर्षांत असं पासबुक आमच्या भागात कुणाच्या हातात मी पाहिलेलं नाही. पुण्याच्या ठेकेदाराकडे आपल्या मुलाच्या सव्वीस दिवसांचा हिशोब मागणाऱ्या बापाने गावच्या मिलमधल्या राजनांदगावच्या हमालाची हजेरी कोण आणि कशी लिहितो, हेही मिलवाल्याला विचारायला हवं. ग्रामसभेत तो प्रश्न मांडता येतो, आणि उत्तर द्यायला मिलवाला गावातच असतो.